सत्तीची खूण

हातात दोन राण्या आल्या आणि नेलिदाला काहीच झालं नाही. मंगळवार होता, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. खिडकीच्या लाकडी पट्ट्यांची झडप खाली ओढलेली, रस्त्यावर माणूस काय कुत्रंही नाही, सगळं रोसारियो शहर जेवून आडवं झालेलं. संगणकाच्या पडद्यावर पोकरचं हिरवं लंबगोल टेबल, त्याभोवती सहा करडे गोल, गोलांखाली कुणाकुणाची घेतलेली नावं, आणि तिच्या नावापुढे या दोन राण्या, एक इस्पिकची, एक बदामची. एरवी अशी पानं आली की बरगड्यांच्या आत कुणीतरी हलकेच टिचकी मारायचं. सहा वर्षांत ती टिचकी एकदाही चुकली नव्हती. आज नेलिदा तिची वाट बघत बसली, आणि वाट बघतोय हे लक्षात आल्यावर तर ती येईनाच. तिने बोली वाढवली. चौघांनी पानं टाकली, एकाने शेवटपर्यंत दम धरला आणि तो हरला. पैशांच्या चकत्यांचा ढीग सरकत तिच्याकडे आला. शेजारणीला बाजारात टोमॅटो स्वस्त मिळाले हे ऐकून वाटावं, तेवढंच तिला वाटलं. मग वाटलं, हे बरं नाही. तापात तोंडाची चव जाते तसं झालं असेल, येईल परत. पण मनातून तिला ठाऊक होतं की ही चव आज गेलेली नाही, गेले काही आठवडे थोडी थोडी जातच होती, फक्त आज ताट समोर आल्यावर कळलं. आणि ही चव गेली तर दुपारी दोन ते साडेचार ती कुठे बसणार होती?

कुणाला वाटेल, बाईला जुगाराचं वेड. तसं काही नव्हतं. पावाच्या सुट्ट्या पैशांवर खेळणारी ती बाई. महिन्याकाठी हिशेब केला तर ना गेलं ना आलं. तिला या खेळात एकच गोष्ट आवडायची, की इथे कुणाला तोंड नव्हतं. एकतीस वर्षं तिने चष्म्याच्या दुकानात माणसांची तोंडं पाहिली होती. गिऱ्हाइकाच्या नाकासमोर पट्टी धरायची, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं, एक कान दुसऱ्याहून किती खाली आहे ते बघायचं. जगात एकही तोंड दोन्हीकडून सारखं नसतं हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि आता शेजारच्या खोलीत खुर्चीवर एक तोंड होतं, तिच्या नवऱ्याचं, आनिबालचं, आणि त्याच्याकडे तिला बघवत नव्हतं. ती त्याला भरवायची, त्याची दाढी करायची, पायात मोजे चढवायची, गोड बोलायची, पण बघायची ती त्याच्या हनुवटीकडे किंवा कानामागे. दोन वाजता त्याला पलंगावर निजवून, दार लोटून, ती या करड्या गोलांसमोर येऊन बसायची आणि मगच तिचा श्वास मोकळा व्हायचा. हे ती कुणाजवळ बोलली नव्हती. बोलणार तरी काय? नवऱ्याचं तोंड डावीकडे ओढलेलं आहे, आणि त्याचा अर्थ मला लागत नाही, असं?

अर्थ लागत नव्हता तो एका रविवारचा. खालच्या मजल्यावरच्या चिचाच्या अंगणात, निखाऱ्यांवरचं मांस खाऊन झाल्यावर, चौघं त्रुको हा पत्त्यांचा खेळ खेळायला बसली होती: एका बाजूला चिचा आणि तिचा नवरा तीतो, जो आता नाही, आणि दुसऱ्या बाजूला समोरासमोर आनिबाल आणि नेलिदा. त्रुकोच्या पानांवर तलवारी, सोटे, पेले आणि मोहरा असतात; तो जोडीने खेळतात आणि जोडीदाराला तोंडाने खुणा करतात, समोरच्यांना दिसू न देता. भुवया उचलल्या की तलवारीचा एक्का. डोळा मिचकावला की सोट्याचा. खालचा ओठ दाताखाली धरला की तिर्री. तोंडाचा कोपरा उजवीकडे नेला की तलवारीची सत्ती आणि डावीकडे नेला की मोहरांची. समोरच्यांना वाटेल त्या थापा मारा, जोडीदाराशी मात्र खोटं बोलायचं नाही, हे अंगात भिनलेलं. आनिबाल थापा मारण्यात असा वस्ताद की हातात काही नसताना तीतोला घाम फोडायचा. बंदरावर तो धान्याचे ट्रक तपासायचा, लांब नळी खुपसून मूठभर दाणे काढायचे आणि त्यावरून ट्रकभर माल जोखायचा. माणसंही तशीच जोखायचा. त्या दिवशी शेवटचे दोन गुण उरले होते. तीतोने बोली लावलेली, नेलिदाच्या हातात भिकार पानं. तिने समोर पाहिलं, तर आनिबालचं तोंड डावीकडे गेलेलं. सत्ती! ती ओरडली, "घेतलं! आणि वर वाढवलं!" तीतो विचारात पडला. आनिबालचं तोंड तसंच. "पुरे रे म्हाताऱ्या, कळलं मला," ती हसून म्हणाली. चिचा म्हणाली, "अरे लपव तरी, आंधळ्यालाही दिसेल!" तीतो हसला, सगळेच हसले. तोंड तसंच. आणि ती हसतच होती, पोट धरून हसत होती, तेव्हा त्याच्या बोटांतून पानं निसटून गवतावर पडली, आणि त्यांच्यामागून तो.

इस्पितळात डॉक्टरने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: नेमकं किती वाजता सुरू झालं? औषध द्यायचं की नाही ते त्यावर होतं. नेलिदाला सांगता येईना. तो खूण करत होता तेव्हा तो ठीक होता, की खूण नव्हतीच? त्याच्या हातात मोहरांची सत्ती असेल तर पक्षाघाताचा झटका नंतरचा. नसेल तर ज्या घडीला ती "घेतलं" म्हणून ओरडली त्याच घडीला तो तिच्यासमोर बुडत होता आणि ती हसत होती. गवतावर पडलेली पानं कुणीतरी गोळा करून गड्डीत मिसळून टाकली. कुणाचा काही दोष नव्हता त्यात. पण तेव्हापासून आनिबालचं तोंड डावीकडेच राहिलं, वाचा गेली ती गेलीच, आणि सहा वर्षं, सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत, तो तिला सांगत राहिला: माझ्याकडे सत्ती आहे.

तर मंगळवारी, दोन राण्यांवर जिंकून झाल्यावर, आपलं कुठे बिनसलं ते शोधायला नेलिदाने मागचे डाव उघडले. खेळलेला प्रत्येक डाव यंत्र जपून ठेवतं. आपल्याला कुठली पानं आली, कुणी काय केलं, किती वाजता. ती नखाने ओळी मोजत मागे मागे गेली आणि एका ठिकाणी थांबली. गेला शनिवार, दुपारचे तीन वाजून पंचवीस मिनिटं. तिच्या नावावर इस्पिकची सत्ती आणि किलवरची दुर्री. पोकरमध्ये याहून टाकाऊ पानं नाहीत. नेलिदा ती बघायच्या आधी टाकते. आणि इथे तिच्या नावाने बोली वाढवलेली, पुन्हा वाढवलेली, शेवटी सगळ्या चकत्या पुढे लोटलेल्या, आणि समोरच्या पाचही जणांनी घाबरून पानं टाकलेली. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्याआधीचा गुरुवार, तीन वीस: चौकटची सत्ती, बदामची तिर्री. तेच. आणखी मागे: सत्ती, एक्का. सत्ती, चौव्वी. राजा-राणी आली तर त्यांना हिंग लावून विचारलेलं नाही, सरळ टाकून दिलेली. सत्ती आली की जिवावर उदार होऊन खेळलेलं. तीन महिने मागेपर्यंत हे चाललं होतं, दर गुरुवारी आणि शनिवारी, तीन वीसपासून चारपर्यंत. आणि गुरुवारी-शनिवारी त्या वेळी नेलिदा घरात नसायची. ती खेळ मध्येच सोडून तेवढ्यापुरती चिचाकडे माते चहा प्यायला खाली जायची.

तिने उठून दिवा लावला, भर दुपारी. पहिल्यांदा तिच्या मनात आलं की कुणीतरी बाहेरून तिचं नाव चोरलंय; पण चोराने चकत्या नेल्या नव्हत्या, उलट थोड्या वाढवल्याच होत्या. मग आलं की हे मीच करते आणि मला आठवत नाही. हे जास्त भयंकर होतं, म्हणून ती त्याच्यापाशी बराच वेळ थांबली. आणि मग तिला एकाएकी दिसलं की हा जो कोणी आहे तो पोकर खेळतच नाहीये. पोकरमध्ये सत्तीला काय किंमत? सत्ती मोठी असते ती त्रुकोमध्ये. इस्पिकला तलवार समजून आणि चौकटला मोहरा समजून कुणीतरी दुपारच्या सामसुमीत तिच्या नावामागे बसून त्रुको खेळत होतं. हातात काही नसताना पाच माणसांना घाम फोडत होतं. असा खेळणारा तिला एकच माहीत होता. तो गवतावर पडला आणि परत उठला नाही. उचलून घरी आणला तो दुसराच कुणी, जो खातो, झोपतो आणि तोंड वाकडं करून बघतो. पहिला कुठे गेला, याचा तिने कधी विचार केला नव्हता. आता तिला वाटलं की तो इथेच आहे, या काचेच्या पलीकडे, करड्या गोलांमधल्या एका गोलात, आणि ती घराबाहेर गेली की येतो. मग तिला आठवलं, शनिवारी ती वर परत आली तेव्हा माउस सापडेना. तो कळफलकाच्या डाव्या बाजूला होता. नेलिदा उजव्या हाताची.

बुधवारी तिने संगणक लावलाच नाही. आनिबालची दाढी करताना वस्तरा जरा घसरला आणि हनुवटीवर बारीकसा लाल ठिपका आला. "हो, हो, झालं हं माझ्या राजा," ती त्याच्या कानाकडे बघून म्हणाली. खेळायची इच्छा तर मेलीच होती, तिच्या जागी आता नुसती भीती होती, आणि गंमत म्हणजे ती भीती बसली होती नेमकी टिचकीच्या जागी. दोन वाजता ती स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. घड्याळाची टिकटिक, फ्रीजची घरघर, आणि शेजारच्या खोलीत तो. तिला पहिल्यांदाच जाणवलं की पलंगाचा आवाज येत नाहीये. झोपलेला माणूस कूस बदलतो, हा बदलत नव्हता. दाराआड तो जागा होता आणि ऐकत होता. दोघंही आपापल्या जागी श्वास धरून साडेचार वाजायची वाट बघत होती.

गुरुवारी ती चिचाकडे गेली. चिचाने माते प्यायचा पोखरलेला भोपळा भरला, नळी खुपसली, पहिला कडू घोट स्वतः घेतला आणि म्हणाली, "काय गं नेली, तोंड का असं? पांढरं फटक पडलंय."

"झोप नाही."

"पत्ते खेळ, येईल झोप."

"पत्त्यांचा कंटाळा आलाय मला, चिचा. बघवतसुद्धा नाहीत."

"तुला? कंटाळा?" चिचाने भोपळा खालीच ठेवला. "ताप बघ आधी, ताप."

मग नेलिदाने सांगितलं. सगळं नाही, पण सांगितलं: कुणीतरी माझ्या जागी खेळतं, मी इथे असते तेव्हा. चिचा नदीपलीकडच्या खेड्यातली, तिला अशा गोष्टींचं वावडं नव्हतं. ती डोळे बारीक करून म्हणाली, "आमच्याकडे पोरं दुपारी झोपली नाहीत की म्हातारी सांगायची, सोलापा येते म्हणून. भर दुपारी हिंडते, जागं दिसेल त्याला उचलते. तुला या वयात पत्ते शिकवायला आली की काय?"

"थट्टा करू नकोस."

"बरं नाही करत. तू इथे असतेस तेव्हा घरात कोण असतं?"

"कुणी नाही."

चिचाने नळीतून घोट घेतला. तळाशी फुर्रर्र आवाज झाला. "आनिबाल असतो की."

"हो, म्हणजे, आनिबाल असतो."

"मग कुणी नाही असं काय म्हणतेस गं बाई?"

नेलिदा उठली. चिचा मागून काहीतरी म्हणाली, बिस्किटांबद्दल, ते तिला ऐकू आलं नाही. जिन्यात तिने चपला काढून हातात घेतल्या. एक मजला, वीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर तिला वाटत होतं की वर कुणी नसावं, आणि त्याच पायरीवर वाटत होतं की असावं, तो काचेपलीकडचा असला तरी चालेल. किल्ली तिने दोन्ही हातांनी फिरवली. घरात अंधार होता. आनिबालच्या खोलीचं दार उघडं, पलंग रिकामा, त्याची तीन पायांची चालायची काठी दिसत नव्हती. बोळाच्या टोकाला, जिथे ती रोज बसायची तिथून, हिरवट उजेड येत होता.

तो तिच्या खुर्चीत बसला होता. उजवा हात मांडीवर पडलेला, डावा माउसवर. पडद्याचा उजेड तोंडावर, आणि ते तोंड चाललं होतं. नेलिदा दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. एक डाव आला, एक्का आला असावा; आनिबालने दोन्ही भुवया वर उचलल्या. दोन्ही. कपाळ शाबूत आहे, असं डॉक्टर तेव्हा म्हणाला होता, ते ती विसरूनच गेली होती, कारण सहा वर्षं तिने त्याच्या कपाळाकडे पाहिलं नव्हतं. मग त्याने डोळा मिचकावला. मग वाकड्या तोंडाने, दोनदा प्रयत्न करून, खालचा ओठ दातांत धरला. समोर कुणी नव्हतं. सहा करडे गोल, ज्यांना डोळे नाहीत, त्यांना तो एकामागून एक खुणा करत होता, आणि प्रत्येक खुणेनंतर क्षणभर थांबून उत्तराची वाट बघत होता. तिने आयुष्यात इतकं भीतिदायक काही पाहिलं नव्हतं, आणि तिला इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. तो जोडीदार शोधत होता. भिंतीपलीकडे सहा वर्षं जोडीदार बसलेला असताना.

ती पुढे झाली आणि त्याच्या आणि पडद्याच्या मध्ये उभी राहिली. तो दचकला. "आनिबाल," ती म्हणाली, आणि आवाज आपला वाटेना. तिने त्याच्या तोंडाकडे बघायचा प्रयत्न केला आणि नजर हनुवटीपर्यंत येऊन अडली. "मला एक सांग. एकच. त्या रविवारी, खाली अंगणात, तुझ्याकडे सत्ती होती का? मी ओरडले तेव्हा? होती की नव्हती? नुसती मान हलव."

तो तिच्याकडे बघत राहिला. कपाळावर आठ्या पडल्या, तो शोधत होता, खरंच शोधत होता. नळी खुपसून खूप खालून दाणे काढावे तसं. मग त्याने डावा खांदा उडवला. कुठला रविवार? त्याला ती दुपार आठवतच नव्हती. अंगण नाही, तीतो नाही, पानं नाहीत, तिचं हसणं नाही. जे तिने सहा वर्षं छातीवर दगडासारखं वागवलं होतं त्यातलं त्याच्याकडे काही नव्हतं, आणि सत्ती होती की नव्हती हे आता या जगात कुणीच सांगू शकणार नव्हतं. कुणी तिला दोष देणार नव्हतं आणि कुणी माफही करणार नव्हतं. ती तिथेच उभी राहिली. तो मात्र हात हलवून तिला बाजूला हो म्हणत होता, मान वाकडी करून तिच्या कमरेमागे बघत होता, घशातून घूं घूं करत होता. मागे पडद्यावर खेळीच्या वेळेची पट्टी आखडत चालली होती. त्याच्या हातात इस्पिकची सत्ती होती आणि पंजी, आणि चकत्यांचा मोठा ढीग मध्ये पडला होता, आणि ती हलत नव्हती. पट्टी संपली. यंत्राने त्याची पानं टाकून दिली.

"गाढवे!"

नेलिदाने वळून मागे पाहिलं, कोण बोललं म्हणून. मागे कुणी नव्हतं. अक्षरं सांडलेली होती, मधला ढ अर्धा गिळलेला, पण शब्द तोच होता, जोडीदाराने हातचा डाव घालवला की निघतो तोच. आनिबालचं तोंड लाल झालं होतं. डाव्या मुठीने त्याने टेबलावर ठोसा मारला. "गाढवे!"

सहा वर्षांत त्याच्यावर कुणी रागावलं नव्हतं आणि त्याला कुणी रागावू दिलं नव्हतं. नेलिदा ओरडली, खिडकीची झडप थरथरेल एवढ्याने ओरडली. "गाढव तू! सत्ती-पंजीवर कुणी एवढ्या चकत्या लावतं का? हा त्रुको नाही, पोकर आहे, पोकर! इथे सत्तीला कुत्रं विचारत नाही! तीन महिने माझ्या नावाची लाज घालवतोयस, आणि वर मलाच गाढव म्हणतोस?" तिचे डोळे वाहत होते आणि ती बोटाने पडद्यावरची पानं दाखवत होती. त्याने ते बोट बाजूला सारलं. खाली चिचाने झाडूचा दांडा छतावर तीनदा आपटला. झोपायची वेळ आहे, मेल्यांनो.

मग आनिबाल हसला. हसताना त्याचं तोंड डावीकडे गेलं. नेलिदाने नजर काढून घेतली नाही.